बाटलीवरच्या रेघा

शैलाक्कांसमोर कुणीही बसलं की त्याला आधी हात पुसावे लागत. वाफेच्या भांड्यातून चिमट्यानं काढलेला, घट्ट पिळून गुंडाळलेला पांढरा रुमाल त्या समोर ठेवत आणि तो वापरून होईपर्यंत स्वतः एक शब्द बोलत नसत. जेवायला आलेलं गिऱ्हाईक असो वा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस, नियम एकच. आमच्या इमारतीचे चेअरमन एकदा म्हणाले, “अक्का, मी जेवायला नाही आलो. पाण्याच्या टाकीचं बोलायला आलोय.”

“टाकीचं बोलायलाबी हात स्वच्छच लागत्यात की,” अक्का म्हणाल्या.

चेअरमननी निमूटपणे हात पुसले आणि तो गरम रुमाल तळव्यांत धरून पाच मिनिटं तसेच बसून राहिले. टाकीचं बोलणं राहूनच गेलं.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, दातांचा दवाखाना आणि अकरावी-बारावीचे क्लास यांच्या मध्ये, अक्कांची खानावळ होती. खानावळ हा शब्द मी सोयीसाठी वापरते. सहा खुर्च्या, त्यांच्यासमोर एक लांब लाकडी फळी आणि फळीपलीकडे अक्का, एवढाच तिचा पसारा. काचेच्या दारावर मधोमध चिरलेला गडद निळा पडदा असे. तो बाहेर लावला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. वर तांबडा कागदी कंदील बारा महिने टांगलेला. त्यामुळे गल्लीतलं कुणी ना कुणी आत डोकावून सांगे, “अक्का, दिवाळी कवाच संपली की. कंदील उतरवा.”

“माझी अजून सुरू व्हायची हाय,” अक्का म्हणत.

लोक हसत. मीही हसले आहे.

अशा दुकानाला जपानीत इझाकाया म्हणतात. कामावरून सुटलेल्या माणसांनी संध्याकाळी येऊन बसायचं, थोडं प्यायचं, लहान लहान वाट्यांतून थोडं थोडं खायचं आणि हलकं होऊन घरी जायचं. अक्कांचं मूळ दुकान जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये होतं. त्या हातकणंगल्याजवळच्या एका लिंगायत घरातल्या. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट असताना, जर्मनीहून यंत्र बसवायला आलेल्या तेत्सुओ नावाच्या जपानी इंजिनिअरशी त्यांचं लग्न झालं. घरच्यांनी काय म्हटलं, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “यंत्र आठ म्हैन्यांत चालू झालं. वडील जाग्यावर यायला चार वर्षं लागली.” दुकान तेत्सुओंच्या आईवडिलांचं. वडील वारल्यावर तेत्सुओंनी नोकरी सोडली आणि नवरा, सासू, सून अशा तिघांनी ते पुढं चालवलं. माशांच्या त्या दुकानात सव्वीस वर्षं उभ्या राहिलेल्या अक्कांनी मासा एकदाही चाखला नाही. “खाल्ला न्हाय,” त्या म्हणत, “पण डोळा बघून सांगते, कवा मेलाय.”

आधी तेत्सुओ गेले, काही वर्षांनी सासूबाई. दुकान विकून अक्का कोल्हापूरला आल्या आणि विधवा धाकट्या बहिणीला, महादेवीला, हाताशी घेऊन त्यांनी ही सहा खुर्च्यांची नक्कल उभी केली. इथं मासा नव्हता, दारू नव्हती. भाजलेलं वांगं होतं, तीळ लावलेली काकडी होती, घरी केलेलं सोयाचं पनीर होतं आणि वाळवलेल्या अळिंब्यांचं एक तपकिरी सार होतं. बसल्याबसल्या, न मागता, एक वाटी समोर येई. तिच्यात दोन घासांपुरतं काहीतरी असे. शिवाजी पेठेतल्या तालमीतला एक पैलवान पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं ती वाटी एका घासात संपवली आणि म्हणाला, “अक्का, ह्यो नमुना झाला. जेवण कुठाय?”

“पोटात जायच्या आधी डोळ्यात जाऊ द्या की पावणं.”

“डोळ्यात गेलं. आता पांढरा रस्सा हाय का तांबडा?”

“तांबडा न्हाय, पांढरा न्हाय. ह्यो तपकिरी.”

पैलवानानं साराचा वाडगा तोंडाला लावला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “आजारी माणसाला चांगलं हाय.” त्यानंतर तो दर गुरुवारी यायचा. आजारी नसताना.

मी तिथं जेवायला जात नसे. मला जर्मन शिकायचं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, पुढचं संशोधन जर्मनीतच करायचं हे ठरवून टाकलेलं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरून जिने उतरून गेलं की सव्वीस वर्षं जर्मन बोललेली बाई विनासायास उपलब्ध होती. मी तेव्हा माणसांकडे अशाच हिशेबानं पाहत असे. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते साडेचार, दुकान बंद असतानाच्या वेळात आमची शिकवणी चाले.

अक्कांची शिकवण्याची पद्धत कोणत्याही पुस्तकात बसणारी नव्हती. “तोंड वाकडं करू नको,” त्या म्हणत. “कोल्हापुरीच बोल. फकस्त शब्द त्यांचे घाल. ती लोकं आपल्यासारखीच हायती, तोंडावर बोलत्यात.” वर म्हणाल्या, “एक फरक हाय. ती बोलत्यात तसं करत्यात.”

आमच्या पाठ्यपुस्तकात आज्ञार्थाचा एक धडा होता. जा, ये, बस, थांब. तो त्यांनी ओलांडला. मी लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, “त्याची गरज पडत न्हाय.” मी म्हणाले, परीक्षेत पडते. तेव्हा त्यांनी हातातली वांगी बाजूला ठेवली आणि मिनूचं सांगितलं.

मिनोरू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. घरात मिनू. वडील गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दुकान चालवणार नाही, म्हणाला. त्याला दुसरं काही करायचं होतं; काय, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. वाद झाला. भर दुकानात, फळीच्या अलीकडे अक्का आणि पलीकडे तो. “मी म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नको.” अक्का शांतपणे सांगत होत्या. “आता हे आपल्यात आई दिवसातनं दोन वेळा म्हणती. पोरगं ऐकतं, बाहीर जातं, भूक लागली की येतं. पण मी ते जर्मनमधनं म्हटलं. त्याच्याशी भांडायची माझी भाषा तीच की. आणि त्या भाषेत हे माणूस जन्मात एकदाच म्हणतं.”

तो गेला. फोन बंद झाला. दोन पत्रं परत आली. आजी गेली तेव्हाही त्याला कळवता आलं नाही. आठ वर्षं झाली होती. तो कुठं आहे, आहे की नाही, हे सांगू शकेल असं जगात कुणी नव्हतं.

यानंतर मला भिंतीतली ती दुसरी फळी दिसू लागली. आधी ती मी रोज पाहत होते, पण दिसत नव्हती.

अक्कांच्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर, भिंतीत एक छोटी फळी होती आणि तिच्यावर फक्त दोन बाटल्या. सासूबाईंच्या दुकानातली ही रीत होती. नेहमीचं गिऱ्हाईक स्वतःसाठी अख्खी बाटली घेई. रताळ्याची किंवा तांदळाची दारू. तिच्या गळ्यात त्याच्या नावाची लाकडी पाटी अडकवली जाई आणि उरलेली बाटली फळीवर त्याची वाट पाहत राही. इतर दुकानांत अशी बाटली काही महिन्यांनी फेकून देतात. सासूबाईंचा नियम वेगळा होता. जित्या माणसाच्या बाटलीला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही, मग तो वीस वर्षांनी येवो. माणूस मेल्याचं कळलं, की पाटी उलटी करायची, नाव भिंतीकडे, आणि उरलेलं त्याच्या माणसांनी बसून संपवायचं.

या सासूबाई मला फार पटायच्या. मांसमच्छीच्या घरात आलेल्या या सुनेनं गळ्यातल्या चांदीच्या करंड्यात काय आहे ते सांगितलं, देव आहे म्हणून, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, हा जेवतो का? दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरच्या मृतांसाठी रोज सकाळी जी भाताची मूद ठेवली जाई, तिच्याशेजारी एक लहान मूद अक्कांच्या इष्टलिंगासाठी येऊ लागली. मेलेल्यांशी त्या बाईचा व्यवहार असा साधा, स्वयंपाकघरातला होता. अक्कांनी तो जसाच्या तसा कोल्हापूरला आणला. राजारामपुरीतल्या त्या खोलीतही रोज सकाळी भाताच्या तीन मुदी असत: तेत्सुओंची, सासूबाईंची आणि देवाची. महादेवी पहिल्यांदा घाबरली होती. मग तिनंच त्यांच्यावर तूप घालायला सुरुवात केली.

दुकान बंद करताना अक्कांनी सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून त्यांच्या बाटल्या संपवून घेतल्या. विमानातून दोनच बाटल्या आणता आल्या. एक तेत्सुओंची. तिची पाटी भिंतीकडे उलटी. ती संपवायचा हक्क मुलाचा, म्हणून तशीच राहिलेली. दुसरी मिनूची. वीस वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला घेऊन दिलेली. तिची पाटी सुलटी. जपानी अक्षरांच्या खाली अक्कांनी पेनानं लिहिलेलं: मिनू. तिचं मूळ झाकण कधीतरी हरवलं होतं. त्याजागी एक बूच होतं आणि बुचावर निळ्या कापडाची टोपी, दोऱ्यानं बांधलेली.

मिनूच्या बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी अक्का ती बाटली खिडकीच्या उजेडात धरत, दारूच्या पातळीशी रेघ ओढत आणि शेजारी महिन्याचं नाव लिहीत. मी पहिल्यांदा मोजल्या तेव्हा तेवीस होत्या. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या थोडी खाली.

“येऊन जातोय,” अक्का म्हणाल्या.

मी तेत्सुओंच्या बाटलीकडे पाहिलं.

“ती हलत न्हाय,” त्या म्हणाल्या. “त्ये मेल्यात न्हवं. मेलेलं माणूस भात खातं. पीत न्हाय. मिनू पितोय. म्हंजे हाय कुठंतरी.”

मला आजही हा युक्तिवाद आतून दोषरहित वाटतो. दोन बाटल्या, एक बदलते, एक बदलत नाही. आणि त्या फरकाला दिलेलं एक कारण. फक्त कारण चुकीचं होतं. तेत्सुओंच्या बाटलीला धातूचं घट्ट फिरकीचं झाकण होतं. मिनूच्या बाटलीचं बूच सुकून भेगाळलं होतं. मी घरी येऊन तेवीस रेघांमधल्या अंतरांचा आलेख काढला. मार्च ते मे रेघा दूर दूर, जुलै-ऑगस्टमध्ये जवळ जवळ. तापमान आणि हवेतला ओलावा, इतकं सरळ. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन खाली गेले. अक्कांनी हात पुसायला लावले, आलेख नीट पाहिला आणि म्हणाल्या, “बरोबर हाय. त्याला लहानपणापासनं उन्हाळा सोसत न्हाय. उन्हाळ्यात जास्त पितो.”

“अक्का, ते उडून जातंय. बुचातून.”

“कुठनं जातंय ते तू सांगतीस. कोण नेतंय ते मी सांगते.”

“कुणीच नेत नाही.”

“तुझं शास्त्र तुझ्यापाशी,” त्या म्हणाल्या, रागावून नव्हे, आणि मला वांग्याची वाटी दिली.

त्यानंतर मी जे केलं त्याला मी बरीच वर्षं काळजी हे नाव देत आले. मी हिशेब केला होता: याच गतीनं बाटली काही वर्षांत कोरडी पडेल, मग ही बाई काय करेल? बाटली वाचवायला हवी. हे सगळं खरं आहे. त्याहून खरं हे, की मला बरोबर ठरायचं होतं. प्रयोगशाळेत नळ्यांची तोंडं बंद करायला मेणासारखी ताणली जाणारी एक पारदर्शक पट्टी असते. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेची रेघ ओढून झाली, अक्का आत जरा पडल्या, आणि मी खुर्चीवर चढून निळी टोपी सोडली, बुचावर त्या पट्टीचे चार वेढे घट्ट बसवले आणि टोपी पुन्हा बांधली. मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मार्चच्या पहिल्या तारखेला मी मुद्दाम हजर राहिले. अक्कांनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग जुन्या रेघेवरच पेन्सिल फिरवली. “ह्या म्हैन्यात जमलं नसंल,” त्या म्हणाल्या. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी ठरवलं, एका मोजमापानं काही सिद्ध होत नाही, दोन हवीत.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला उन्हानं खिडकीची काच तापली होती. मागच्या एप्रिलची रेघ सगळ्यांत लांब पडलेली होती. अक्कांनी बाटली उचलली, पाहिली, आणि पेन्सिल खाली ठेवली. रेघ ओढलीच नाही. त्या दिवशी निळा पडदा बाहेर लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी पैलवान येऊन काचेवर टकटक करून गेला.

मी स्वतःला सांगत राहिले की त्यांना बरं नसेल. शनिवारी संध्याकाळी महादेवी तीन जिने चढून आमच्याकडे आली. ती कधी वर येत नसे, तिचे गुडघे दुखत. दारातच म्हणाली, “अक्का सोमवारी जंगमाला बोलवतीया.”

जंगम म्हणजे आमच्याकडचे लिंगायतांचे विधी करणारे स्वामी. मी विचारलं, कशासाठी?

“मिनूचं करायला. पोरगं पिईना झालंय म्हणती. बाप हलत न्हाय तसंच ह्येबी हलंना. म्हंजे गेलं, म्हणती. पाटी उलटी करायची म्हणती सोमवारी.” ती रडत नव्हती. तिला नुसतं समजत नव्हतं. “तू शिकलेली हायस. तू सांग की तिला कायतरी.”

मी सांगते म्हणाले.

रविवारी दुपारी मी खाली गेले ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. दुकानाला कुलूप होतं. दोघी विधीचं सामान आणायला गेल्या होत्या. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असे. मी उघडून आत गेले, खुर्चीवर चढले आणि आधी पट्टी सोडवली. दोन महिन्यांत ती बुचाला इतकी चिकटली होती की नखांनी खरवडावी लागली. पट्टी खिशात घातली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यानं काहीच होणार नाही. मोकळ्या बुचातून महिन्याला दोन मिलिमीटर जातात. जंगम उद्या सकाळी येणार होते.

कबुली देणं हा एक मार्ग होता. पण मी कबूल केलं असतं, तर मिनू मेलेला नाही एवढंच अक्कांना कळलं नसतं. तो कधी येतच नव्हता, हेही कळलं असतं. त्या सगळ्या रेघा मी एका वाक्यात पुसल्या असत्या. मला बरोबर ठरायचं होतं, आणि आता बरोबर ठरायला एक वाक्य पुरलं असतं.

मी बूच काढलं. ओतून द्यायला मोरी चार पावलांवर होती. हात झाला नाही. ते त्याचं होतं. जेवणाच्या फळीवर लहान पेले पालथे घातलेले होते. त्यातला एक घेतला, भरला, प्यायले. आयुष्यातली पहिली दारू. घसा पोळला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा पेला भरला. तो संपवेपर्यंत पातळी बोटभर खाली आली होती. दोन मिलिमीटर पुरले असते. माझं मोजमाप त्या दिवशी चुकलं.

पेला धुऊन पालथा घालत होते तेवढ्यात दार उघडलं. अक्का आत आल्या, मागून महादेवी, हातात फुलांची आणि बेलाच्या पानांची पिशवी. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटल्यांच्या फळीकडे. मग परत माझ्याकडे. त्यांनी गॅस पेटवला, वाफेचं भांडं ठेवलं आणि पाणी तापेपर्यंत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आम्ही तिघी त्या वाफेची वाट पाहत होतो. मग चिमट्यानं रुमाल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

“आधी हात.”

मी पुसले.

“तोंडबी पूस.”

पुसलं.

“कोण आलतं?” अक्कांनी विचारलं.

महादेवी माझ्याकडे बघत होती. मी घरी प्रमाण मराठी बोलते. कोल्हापुरी मी अक्कांसमोर कधी बोलले नव्हते. म्हणाले, “पावणं आलतं.”

“बसलं हुतं निवांत?”

“व्हय.”

“काय बोललं?”

याची मी तयारी केलेली नव्हती. “काही नाही. थोडं प्यायलं आणि गेलं.”

“त्यो बोलतच न्हाय फार,” अक्का म्हणाल्या. त्यांनी बाटली खाली घेतली, खिडकीपाशी नेली, पेन्सिल शोधली आणि रेघ ओढली. एप्रिल, असं लिहिलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “महादेवी, जंगमाला फोन कर. म्हणावं, सोमवार नको.”

सव्वीस वर्षं पिणाऱ्या माणसांसमोर उभ्या राहिलेल्या बाईला तीन फुटांवरून वास आला नाही, असं मानणं अशास्त्रीय आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मंगळवारी शिकवणी पुन्हा सुरू झाली. अक्कांनी पुस्तक उघडलं, ते आज्ञार्थाच्या धड्यावर. ये, बस, थांब, अशी सगळी रूपं त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतली. ‘जा’ तेवढं वगळलं.

मेची रेघ मी पाहिली नाही, परीक्षा होती. जूनचीही नाही. जर्मनीतल्या विद्यापीठाचं पत्र आलं, व्हिसाची धावपळ सुरू झाली, शिकवण्या विरळ झाल्या. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला जिना उतरताना तळमजल्यावरून जोराचा ठसका ऐकू आला. पावसाळी हवा, अक्कांना खोकला झाला असेल, असं वाटलं आणि मी पुढं गेले. त्या आठवड्यात शिकवणीला बसले असताना नजर सहज बाटलीवर गेली. जुलै आणि ऑगस्ट या सगळ्यांत दमट महिन्यांच्या रेघा एकमेकींना चिकटून असायला हव्या होत्या. त्यांच्यात प्रत्येकी बोटभर अंतर होतं. मी वही काढली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी मला गिऱ्हाइकासारखं फळीसमोर बसवलं. रुमाल, मग न मागता आलेली वाटी, मग वांगं, मग तपकिरी सार. पैलवान शेजारच्या खुर्चीत होता. म्हणाला, “जर्मनीत जाऊन काय करणार?” मी म्हणाले, संशोधन. “कशाचं?” द्रव पदार्थांच्या बाष्पीभवनाचं, असं मला सांगावं लागलं, कारण ते खरंच तसं होतं. अक्का पाठमोऱ्या वांगी उलटत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

उठताना मी हळू विचारलं, “अक्का, ड्युसेलडॉर्फ माझ्या विद्यापीठापासून दोन तासांवर आहे. मी त्याला शोधू?”

“शोधू नको,” त्या म्हणाल्या. “शोधलं की माणूस सापडतं, न्हायतर सापडत न्हाय. दोन्हीतलं एक व्हतं.” मग फडक्यानं फळी पुसत म्हणाल्या, “येताना एक बाटली आण. रताळ्याची. ही संपत आली. आणि सकाळी खाली येऊ नको. निरोप एकदाच घ्यायचा.”

सकाळी सातला रिक्षा आली. योगायोगानं ती पहिली तारीख होती. मी जिने उतरले तेव्हा पडदा उतरवून आत घेतलेला होता, त्यामुळे काचेतून आतलं दिसत होतं. अक्का माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभ्या होत्या. जन्मभर ज्यांनी मासा चाखला नाही, दारूला बोट लावलं नाही, त्या अक्का. मागच्या भांड्यातून वाफ निघत होती. भाताच्या तीन मुदी झाल्या होत्या. त्यांनी मिनूच्या बाटलीतून लहान पेला भरला, मान मागे टाकली आणि एका घोटात संपवला. ठसका लागला. फळीला धरून त्या वाकल्या, खोकत राहिल्या, आणि महादेवी शेजारी उभी राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, रोजचं काम असावं तशी.

मग अक्का सरळ झाल्या. गरम रुमालानं तोंड पुसलं, बाटली उजेडात धरली, पेन्सिलीनं रेघ ओढली. मेलेल्याची बाटली त्याच्या माणसांनी संपवायची, जित्याच्या बाटलीला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही. या दोन्हींतलं त्या काय करत होत्या ते मला काचेबाहेरून कळेना. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. बाटली फळीवर परत ठेवून त्यांनी तिच्या गळ्यातली पाटी दोन बोटांनी नीट केली. नाव बाहेरच्या बाजूलाच होतं.